भाऊजींची बॅटरी आणि टीव्हीच्या ओळी

तलासरीला आमच्या थोरल्या बहिणीकडे एक पत्र्याची पेटी आहे. २०१८ च्या नोव्हेंबरापासून डहाणू-तलासरीत जमीन हादरू लागली. धुंदलवाडीच्या बाजूला तर ते रोजचेच झाले. भर थंडीत माणसे लेकराबाळांना घेऊन अंगणात, शेतात, ताडपत्रीखाली झोपत होती. त्या दिवसांत ताईने घरातून जे पहिल्यांदा बाहेर काढले, त्यात ही पेटी होती. आत रेशनकार्ड, भाऊजींच्या पेन्शनचे कागद, चार फोटो आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक व्हिडिओ कॅसेट. कॅसेटच्या पाठीवर निळ्या शाईने लिहिलेले : लग्न, मे १९९४.

ते लग्न आमच्या थोरल्या भाचीचे. भाऊजी पश्चिम रेल्वेत गँगमन होते. डहाणू रोडपासून संजाणपर्यंतच्या पट्ट्यात त्यांची उभी हयात रुळांवर गेली. १९९८ साली ते वारले. त्यांचे फोटो आहेत, पण सगळे ताठ उभे राहून, श्वास रोखून काढलेले. चालता-बोलता माणूस फक्त त्या कॅसेटमध्ये आहे. ताईचा नातू त्यांच्या मागून पाच वर्षांनी जन्मला. आजोबा चालायचे कसे, हसायचे कसे, हे त्याने पाहिलेले नाही. घरातला व्हीसीआर तर केव्हाच भंगारात गेला होता.

म्हणून २०१९ मध्ये ताईने ती कॅसेट रेल्वे लाईनवरच्या एका मोठ्या गावातल्या दुकानात दिली. दुकानदाराने पैसे घेतले, आठ दिवसांनी पेनड्राइव्ह दिला. घरात नवा बत्तीस इंची एलईडी टीव्ही होता. सगळे घर समोर बसले. चित्र सुरू झाले आणि पहिली गोष्ट दिसली ती ही, की सगळे वऱ्हाड जाडजूड झाले आहे. जुने चित्र चारास तीन या मापाचे, ते ओढून नव्या रुंद पडद्यावर बसवले होते. त्यावर हसून झाले. मग कोणी हलले की त्याच्या कडेला फणीचे दात दिसू लागले. चालणाऱ्या माणसाचे दोन माणूस होत. शेवटी नवरी जीपमध्ये बसते आणि अंधारात भाऊजी हातात बॅटरी घेऊन उभे असतात, तिथे तर काहीच कळेना. पांढऱ्या पट्ट्यांची एक शिडी नुसती थरथरत होती. तिच्या मागे माणूस आहे एवढेच समजत होते.

ताई म्हणाली, "कॅसेट जुनी झाली, दुसरे काय." आम्हालाही तसेच वाटले. त्या वेळी आमची चूक झाली, आणि पुष्कळ घरांची ती होत असणार, म्हणून हा लेख. कॅसेट जुनी होती हे खरे. पण ती शिडी कॅसेटमध्ये नव्हती.

एक चित्र, दोन हप्ते

डहाणूला टीव्ही कसा आला ते आठवते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. वरळीच्या मनोऱ्यापासून आम्ही शंभर किलोमीटरहून लांब. उंच बांबूला अँटेना बांधायची, खाली बूस्टर लावायचा आणि एकाने वर चढून अँटेना फिरवायची. खालून ओरड : "अजून जरा समुद्राकडे! बस, बस, थांब!" वरचा माणूस उतरेपर्यंत वारा येई आणि पुन्हा मुंग्या. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, दिल्लीच्या एशियाड खेळांचे ते वर्ष. पण आमच्याकडे रंग बरीच वर्षे शेजाऱ्याच्या घरीच होता. आता ती अँटेनाही गेली. दूरदर्शनची जमिनीवरची जुनी प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत जवळजवळ सगळी बंद झाली. सह्याद्री वाहिनी आता छत्रीवरून, म्हणजे डीडी फ्री डिशवरून येते.

त्या काळच्या टीव्हीचे चित्र आडव्या ओळींनी बनलेले असे. भारताने घेतलेल्या पद्धतीत ६२५ ओळी, त्यांतल्या ५७६ प्रत्यक्ष चित्राच्या. सेकंदाला पंचवीस चित्रे. मात्र पूर्ण चित्र एका दमात कधी येत नसे. आधी पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम ओळी येत. मग दुसरी, चौथी, सहावी अशा सम ओळी. प्रत्येक अर्ध्याला सेकंदाचा पन्नासावा भाग. याला इंटरलेस्ड म्हणतात. आपण आळीपाळीचे चित्र म्हणू. सगळ्या ओळी क्रमाने एकाच वेळी आल्या तर ते प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सलग चित्र. डब्यावर किंवा टीव्हीच्या सेटिंगमध्ये ५७६ आय, १०८० पी असे लिहिलेले दिसते, त्यातला आय आळीपाळीचा आणि पी सलगचा. ताईला हे सांगितले तर ती म्हणाली, "आय कळली. पी म्हणजे काय प्यायचे?"

असा द्राविडी प्राणायाम केला कशासाठी? त्याला कारण होते. सेकंदाला पंचवीसच सलग चित्रे दाखवली तर काचेची टीव्ही डोळ्यांसमोर फडफडते, डोके दुखते. फडफड थांबवायची तर पडदा पन्नास वेळा उजळला पाहिजे. पन्नास पूर्ण चित्रे पाठवायची तर लहरींची जागा दुप्पट लागते. आणि ती जागा मोजकीच असते. आपल्याकडे मुंबई दूरदर्शनसारख्या वाहिनीला सात मेगाहर्ट्झ, त्यात चित्राला पाच. मग अर्धी-अर्धी चित्रे पन्नास वेळा पाठवायची युक्ती निघाली. जागा तेवढीच, फडफड गायब. नळीच्या टीव्हीत एक ओळ विझते न विझते तोच शेजारची उजळते आणि डोळा दोन्ही मिळून एक चित्र समजतो.

ही युक्ती १९३० च्या सुमारास जर्मनी-अमेरिकेत निघाली. तिची आणि सलग चित्राची समोरासमोर कुस्ती झाली ती लंडनला. २ नोव्हेंबर १९३६ ला बीबीसीने टीव्ही सुरू केली तेव्हा दोन पद्धती आलटून पालटून चालवल्या. एक बेअर्ड यांची, २४० ओळींची सलग. दुसरी मार्कोनी-ईएमआय कंपनीची, ४०५ ओळींची आळीपाळीची. तीन-चार महिन्यांतच, १९३७ च्या फेब्रुवारीत, बेअर्ड यांची पद्धत बंद झाली. त्यानंतर साठ-सत्तर वर्षे जगभरच्या घरांत आळीपाळीचेच राज्य होते. तेव्हा जुनी पद्धत म्हणजे वाईट पद्धत असे कोणी म्हणू नये. ज्या काचेसाठी ती केली, त्या काचेवर ती उत्तमच होती.

खरी मेख कॅमेऱ्यात आहे. लग्नाचे शूटिंग करणारा खांद्यावरचा कॅमेराही चित्र दोन हप्त्यांतच टिपत असे. भात लावताना बायकांच्या एका रांगेने एकाआड एक ओळी लावाव्यात आणि मागून आलेल्या दुसऱ्या रांगेने मधल्या भराव्यात, तसे. शेत जागचे हलत नाही म्हणून दोन्ही जुळून जाते. पण माणूस हलतो. विषम ओळी टिपल्या तेव्हा भाऊजींचा हात जिथे होता, सम ओळी टिपताना तिथून वीतभर पुढे गेलेला. म्हणजे कॅसेटवर सेकंदाला पंचवीस चित्रे नसून पन्नास वेगवेगळे क्षण आहेत, प्रत्येक क्षण अर्ध्या ओळींचा. हे एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे सोपे जाते.

नवा पडदा काय करतो

एलईडी, एलसीडी पडद्याला आळीपाळी माहीत नाही. त्याचे सगळे ठिपके एकदम उजळलेले असतात. त्याला सलग चित्रच लागते. म्हणून आळीपाळीचे चित्र वाटेत कुठे तरी सलग करावे लागते. ते काम टीव्ही करतो, नाही तर डबा करतो, नाही तर संगणकावरचे सॉफ्टवेअर करते. कोणीच केले नाही तर दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत अडकवलेल्या तशाच दिसतात आणि हलत्या वस्तूच्या कडेला फणीचे दात उगवतात. दोघांनी केले तर चित्र विनाकारण मऊ पडते. एकानेच करावे, आणि नीट करावे.

करायच्या रीतीही निरनिराळ्या. दोन अर्धी चित्रे नुसती विणून टाकायची ही पहिली. स्तब्ध चित्राला ती सर्वात चांगली, हलत्याला फणी. दोन्ही एकमेकांत मिसळायची ही दुसरी. फणी जाते, पण हलत्या माणसाचे भूत होते. एक अर्धे फेकून द्यायचे ही तिसरी. चित्र स्वच्छ, पण निम्मे क्षण गेले. आणि प्रत्येक अर्ध्या चित्राच्या मधल्या ओळी अंदाजाने भरून त्याचे पूर्ण चित्र करायचे ही चौथी. तिच्यात पन्नासच्या पन्नास क्षण टिकतात. या शेवटल्या जातीतली यादीफ नावाची रीत सध्या पुष्कळ ठिकाणी वापरतात. ती आधीचे आणि पुढचे चित्र पाहून ठरवते की ही जागा हलते आहे की स्थिर आहे, आणि त्याप्रमाणे ओळ भरते.

आता दुकानदाराने काय केले ते पाहा. त्याने यातले काहीच केले नाही. ५७६ ओळींचे चित्र, फणीसकट, थेट दाबून ४८० ओळींचे केले. दाबताना शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळल्या. कोणती ओळ पहिल्या क्षणाची आणि कोणती दुसऱ्या, हा हिशेबच पुसला गेला. दात जाऊन जाड पट्टे उरले. या फाईलवर जगातले कोणतेही सॉफ्टवेअर चालवा, ते पट्टे निघत नाहीत. डाळ-तांदूळ वेगळे करता येतात, खिचडी शिजल्यावर नाही.

त्या दुकानदाराला आम्ही दुष्ट म्हणणार नाही. दिवसाला दहा कॅसेटी करणारा माणूस. पण त्याने एक बरे केले, कॅसेट परत दिली. आणि ताईने एक शहाणपणा केला. "आता पेनड्राइव्हमध्ये आले ना, टाक ती," असे दोघा-तिघांनी सांगितले, तरी तिने ती पुन्हा लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवली. असे सांगणाऱ्यांत आम्हीही होतो.

अनेक घरांतली गोष्ट याहून जुनी आहे. १९९९-२००० च्या सुमारास लग्नाच्या कॅसेटींच्या व्हीसीडी करून घ्यायची लाट आली होती. व्हीसीडीचे चित्र २८८ ओळींचे आणि सलग. म्हणजे ५७६ मधले निम्मे तिथेच गेले आणि पन्नासातले पंचवीस क्षणही. म्हणून व्हीसीडीवर फणी कधी दिसत नाही, आणि त्यामुळे ती चांगली वाटते. ज्यांच्याकडे व्हीसीडी आणि मूळ कॅसेट दोन्ही आहेत त्यांनी कॅसेट सांभाळावी. पुढच्या काळातल्या डीव्हीडीची गोष्ट वेगळी. तिच्यात ५७६ ओळी आळीपाळीने पूर्ण राहतात.

नातवाचा उद्योग

ताईचा नातू आयटीआय करून उंबरगावच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. त्याला यंत्रांची खोड आहे. जुना संगणक घेऊन त्यावर त्याने कोडी नावाचे सॉफ्टवेअर घातले. गाणी, सिनेमे, घरचे फोटो, सगळे एका ठिकाणाहून टीव्हीवर दाखवणारे हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. २००२-०३ मध्ये एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी ते निघाले, म्हणून आधी त्याचे नाव एक्सबीएमसी होते. २०१४ मध्ये ते कोडी झाले. दुकानाची फाईल त्यात लावून त्याने सगळी बटणे दाबून पाहिली. पट्टे हटेनात. पोराने चिकाटीने शोध घेतला आणि एके दिवशी फोन केला : "आजीला सांगा, दोष कॅसेटचा नाही. कॅसेट पुन्हा चढवावी लागेल."

पुन्हा चढवायची तर व्हीसीआर हवा. नवे व्हीसीआर करणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ च्या जुलैत काम थांबवले. डहाणूत एका निवृत्त टीव्ही मेकॅनिककाकांकडे एक चालू व्हीसीआर निघाला. काकांनी आधी कॅसेटची खिडकी उजेडात धरून पाहिली. आत पांढुरके डाग. समुद्राकाठची दमट हवा, टेपला बुरशी आलेली. "अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की हेडही खराब आणि टेपही तुटली," काका म्हणाले. त्यांनी कॅसेट उघडली, टेप हलक्या हाताने पुसत दुसऱ्या चाकावर घेतली. दोन रविवार गेले त्यात. सुरुवातीचा तुकडा हाताला चिकटून आला, तो कापावा लागला. हळदीचे चित्रण त्यात होते. ते गेले.

मग चढवणे. बाजारात एक स्वस्त पांढरा डबा मिळतो, पिवळी-लाल-पांढरी वायर एका बाजूने घालायची, दुसऱ्या बाजूने एचडीएमआय. नातवाने तो आणला होता. पण असे डबे चित्र आतल्या आत सलग करून, बहुधा सेकंदाला साठच्या हिशेबात बदलून पुढे देतात. पन्नासचे साठ करताना चाल अडखळते. आणि एकदा डब्याने आपल्या मनाने ओळी भरल्या की मूळ ओळी मिळत नाहीत. म्हणून त्याने तो बाजूला ठेवला आणि ५७६ ओळी जशाच्या तशा संगणकात घेणारे छोटे यूएसबी यंत्र वापरले. मापे अशी ठेवली : ७२० गुणिले ५७६, सेकंदाला पंचवीस, आळीपाळीचे. काहीही दाबायचे नाही, काहीही सुधारायचे नाही. सुधारणा पाहताना करता येते, साठवताना करू नये. डीव्ही प्रकारात साठवले तर तासाला साधारण तेरा जीबी लागतात. तीन तासांची पूर्ण कॅसेट एकोणचाळीस जीबीत बसते, म्हणजे चौसष्ट जीबीच्या एका पेनड्राइव्हमध्ये.

फाईल तयार झाली आणि पहिल्या दिवशी पुन्हा निराशा. फणी नव्हती, पण प्रत्येक माणूस पुढे-मागे, पुढे-मागे थरथरत होता, थंडी वाजल्यासारखा. कारण असे की दोन अर्ध्यांपैकी आधी कोणते, हेही फाईलवर लिहिलेले असते. डीव्हीत खालची ओळ आधी धरतात, डीव्हीडीत बहुधा वरची. फाईलवर खूण उलटी पडली होती. त्यामुळे दुसरा क्षण आधी आणि पहिला नंतर दिसत होता. खूण बदलली आणि थरथर थांबली. ज्यांच्या घरी असे होत असेल त्यांनी फाईल बिघडली म्हणून पुसू नये. हा दोष दुरुस्त होतो.

आता पाहण्याच्या वेळची सेटिंगे. कोडीत चित्र चालू असतानाच व्हिडिओच्या सेटिंगमध्ये डिइंटरलेसची पद्धत निवडता येते. व्हीएलसी या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओच्या यादीत डिइंटरलेस असते, त्यात यादीफ टू एक्स निवडावे. हे टू एक्स महत्त्वाचे. साधे यादीफ दोन अर्ध्यांचे एक चित्र करते, सेकंदाला पंचवीस. टू एक्स पन्नास करते. नाच, मिरवणूक, लेझीम अशा चित्रणात हा फरक आंधळ्यालाही कळावा. व्हीएलसी चालू असताना डी अक्षराची कळ दाबली की हे काम चालू-बंद होते. चालू करून पाहावे, बंद करून पाहावे, आपला डोळा सांगेल.

दुसरे, टीव्हीकडे सेकंदाला किती चित्रे जातात ते पाहावे. संगणक आणि डबे बहुधा साठवर ठेवलेले असतात. आपल्या देशातले जुने चित्रण पन्नासचे. कोडीत चित्राप्रमाणे पडद्याचा वेग बदलण्याची सोय आहे, ती सुरू करावी. नाही तर ओळी स्वच्छ होऊनही चालताना माणूस दर थोड्या वेळाने ठेचकाळतो.

छत्रीच्या डब्यालाही हेच लागू. फ्री डिशवरच्या साध्या वाहिन्या ५७६ आय याच पद्धतीने येतात. आपल्याकडच्या एचडी वाहिन्या १०८० आय. डबा आय ठेवला तर सलग करण्याचे काम टीव्ही करतो, पी ठेवला तर डबा करतो. कोणता चांगला करतो हे घराघरांत वेगळे निघते. क्रिकेट किंवा कबड्डी चालू असताना दोन्ही लावून पाहावे आणि खालून धावणारी बातम्यांची पट्टी वाचावी. जिथे अक्षरे स्वच्छ, ते ठेवावे.

सिनेमाचे वेगळे आहे

आता नातवाला एक नवीन कोडे पडले. घरच्या कॅसेटला जे सेटिंग लागू पडले, तेच त्याने सगळ्याला लावून ठेवले. मग बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे जुने चित्रण लावले, तर त्यातल्या बारीक रेषा किंचित फिकट, थरथरत्या दिसू लागल्या. सेटिंग बंद केले तर छान. असे का?

डिसेंबर १९५६ मध्ये मुंबईतली ती अंत्ययात्रा नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून चित्रित केली. ती फिल्मवर. फिल्मचा कॅमेरा ओळी जाणत नाही. त्याचे प्रत्येक चित्र एका क्षणाचे, सलग. सेकंदाला चोवीस. पुढे टीव्हीसाठी अशा फिल्मच्या प्रती करताना तिचा वेग किंचित वाढवून पंचवीस करतात आणि प्रत्येक चित्राच्या विषम-सम ओळी वेगळ्या पाठवतात. पण दोन्ही अर्धी त्याच एका क्षणाची असतात. म्हणून ती नुसती विणली की मूळ चित्र जसेच्या तसे परत मिळते. तिथे अंदाजाने ओळी भरणे म्हणजे खरी ओळ टाकून खोटी घालणे. जब्बार पटेल यांचा २००० सालचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हाही फिल्मवरचाच. तेव्हा सिनेमा, जुने वृत्तपट यांना डिइंटरलेस बंद. व्हिडिओ कॅमेऱ्याने काढलेले लग्न, जयंती, शाळेचे संमेलन, यांना चालू. दोन्ही डीव्हीडीवर आणि कागदावर दोन्ही ५७६ आय. डब्यावरचे अक्षर पाहून हे कळत नाही, चित्रण कशावर झाले ते आठवावे लागते.

नातवाने आणखी एक खटपट केली. ताईच्या आतल्या खोलीत जुना काचेचा टीव्ही अजून चालतो. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या जोडाएवढा छोटा संगणक आहे, त्यातून जुन्या टीव्हीची पिवळी वायर निघते. त्याला वाटले, चित्र आळीपाळीचे, टीव्ही आळीपाळीचा, मग मध्ये काहीच नको. तसे लावले तर कधी ठीक, कधी थरथर. संगणक चित्र एकदा पूर्ण रंगवतो आणि मग टीव्हीला ओळी देतो. त्याच्या विषम ओळी आणि कॅसेटच्या विषम ओळी जुळतीलच असे नाही. उपाय ऐकायला उलटा वाटतो. आधी चित्र पन्नासचे सलग करायचे आणि मग आळीपाळीने बाहेर सोडायचे. म्हणजे प्रत्येक क्षणाच्या हव्या त्या ओळी आपोआप निघतात. त्या छोट्या संगणकावर टीव्हीच्या पद्धतीचा आकडा २ ठेवला तर आपली पाल पद्धत, आळीपाळीची. १८ ठेवला तर पालच, पण सलग. मुळात तो शून्यावर असतो, ती अमेरिकेची पद्धत. त्याने २ ठेवला. खरे सांगायचे तर त्या काचेच्या टीव्हीवर कॅसेट जितकी जिवंत दिसली तितकी मोठ्या एलईडीवरही नाही. पण तो टीव्ही किती दिवस चालणार?

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही डहाणूच्या लोकलने गेलो. भाचीही सासरहून आली होती. नातवाने शेवटचा भाग लावला. रात्र, कॅमेऱ्याच्या दिव्याचा पांढरा झोत, जीपचे मागचे लाल दिवे. भाऊजी कडेला उभे. हातातली बॅटरी पोटासमोर आडवी, डावीकडून उजवीकडे, जोरजोरात हलवत आहेत. बोटेसुद्धा दिसत होती. नातू म्हणाला, "आजोबा टाटा करतायत."

"टाटा कसला," ताई म्हणाली, "धोक्याचा सिग्नल आहे तो. रात्री लाल दिवा नसला की गँगमन पांढरी बत्ती अशी आडवी हलवतो. गाडी थांबवायला."

जीप थांबली. लाल दिवे जास्त लाल झाले. भाऊजी धावत गेले, काखेतली कापडी पिशवी त्यांनी खिडकीतून आत दिली आणि मागे सरले. मग बॅटरी बंद केली.

भाची म्हणाली, "माझी औषधांची पिशवी. मांडवातच राहिली होती." तिला तेव्हा वीस मिनिटे ताप होता की दोन दिवस, यावर मायलेकींचा थोडा वाद झाला. नातवाने तेवढा तुकडा तीन वेळा लावला.

फाईलच्या दोन प्रती केल्या. एक ताईकडे, एक भाचीकडे. मोबाईलवर पाठवायला एक वेगळी, लहान, सलग केलेली प्रत आहे. व्हॉट्सअॅपवर जाताना ती आणखी दाबली जाते, म्हणून मूळ म्हणून ती कोणी ठेवायची नाही असे ठरले. कॅसेट आता लुगड्यात नाही. प्लॅस्टिकच्या बंद डब्यात, उभी, पेटीतच ठेवली आहे.

मेकॅनिककाकांकडे सध्या घोलवडच्या एका कुटुंबाची १९९१ ची कॅसेट आली आहे. तिच्यावर डाग जास्त आहेत. पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावर ती उघडायची आहे. तोपर्यंत ती कोणी कुठल्याही व्हीसीआरमध्ये घालू नये, असे काकांनी त्यांना बजावले आहे.